नवेगाव, मामा तलाव आणि सारस

गोंदिया जिल्ह्यात दोन अर्जुनी आहेत आणि दोन्ही तालुक्याची गावे. एसटीत नुसते 'अर्जुनी' म्हटले तर कंडक्टर हात थांबवून विचारतो, "कोनती?" मुंबई-कोलकाता महामार्गावरची ती सडक अर्जुनी. मोरगावाला खेटून असलेली ती अर्जुनी मोरगाव. एका गावाला सडकेने ओळख दिली, दुसऱ्याला शेजाऱ्याने.

कंडक्टरच्या त्या एका शब्दात या प्रकरणाचा विषय आला. तोंडातून निघालेला आवाज जगातल्या नेमक्या एका गावापर्यंत पोचतो कसा? त्या गावाचे काही वर्णन शब्दाच्या पोटात दडलेले असते म्हणून, की शब्द आणि गाव यांच्यात दुसराच कसला धागा असतो म्हणून? प्रश्न दोन हजारांहून अधिक वर्षांचा आहे. प्राचीन भारतीय वैयाकरणांपासून गेल्या शतकातल्या अमेरिकी तर्कशास्त्रज्ञांपर्यंत अनेकांनी त्यात आयुष्ये घातली. त्यांची उदाहरणे ग्रीसची, लंडनची, गंगाकाठची. मी ती जमेल तितकी आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात, आणून पाहणार आहे, कारण उदाहरण ओळखीचे असले की सिद्धांताचा कस लागतो.

पहिले उत्तर सोपे वाटते. नावाला अर्थ असतो आणि अर्थ जुळतो ती वस्तू नावाची. सडक अर्जुनी म्हणजे सडकेवरची अर्जुनी. मग नवेगाव बांधचे काय? तिथला विशाल तलाव कोलू पाटील कोहळी याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला असे सांगतात. डोंगरांच्या मधल्या खिंडी मातीच्या पाळीने बुजवून पाणी अडवले. भोवतीच्या शिखरांना लोक सात बहिणी म्हणतात. म्हणजे या 'नव्या' गावाला तीनशे वर्षे होत आली. तरी त्याला जुनेगाव म्हणा, अशी मागणी कुणी केलेली नाही. उद्या महामार्ग चार कोस दक्षिणेला सरकला, तरी सडक अर्जुनीचे नाव खोटे ठरणार नाही.

इंग्लंडच्या जॉन स्टुअर्ट मिलने 1843 च्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात हेच सांगितले होते. त्याचे उदाहरण डार्टमथचे, म्हणजे डार्ट नदीच्या मुखावरचे गाव. नदीने पात्र बदलले, मुख दूर गेले, तरी गाव डार्टमथच राहील. मिलचे म्हणणे असे की विशेषनाम वस्तूचे वर्णन करत नाही, ते वस्तूला चिकटवलेले असते. नाव ठेवताना काही कारण असेल, पण ते कारण नावाचा अर्थ होत नाही. 'गोंदिया' या नावाचीच दोन कारणे सांगतात. कुणी म्हणतो इथल्या गोंदाच्या, म्हणजे डिंकाच्या व्यापारावरून, कुणी म्हणतो गोंडांवरून. वाद मिटेपर्यंत गोंदियाची पत्रे अडून राहिलेली नाहीत.

मिलला पहिला मोठा धक्का दिला जर्मनीच्या गोटलोब फ्रेगेने, 1892 साली. त्याचे उदाहरण आकाशातले. संध्याकाळी पश्चिमेला दिसणारा ठळक तारा आणि पहाटे पूर्वेला दिसणारा ठळक तारा ही माणसांना फार काळ दोन वेगळी तेजे वाटत होती. दोन्ही शुक्रच आहेत हे कळणे हा शोध होता. नावाचे काम फक्त वस्तूला चिकटणे असेल, तर 'पहाटतारा म्हणजे सांजतारा' आणि 'पहाटतारा म्हणजे पहाटतारा' ही दोन वाक्ये एकच गोष्ट सांगतील. पण पहिल्याने ज्ञानात भर पडते, दुसऱ्याने काहीच पडत नाही. म्हणून फ्रेगे म्हणाला, नावाच्या दोन बाजू आहेत. ज्या वस्तूकडे ते नेते तो त्याचा निर्देश. ज्या वाटेने नेते तो त्याचा आशय. वाटा दोन, मुक्काम एक.

याचे आमच्याकडचे रूप मला शुक्रापेक्षा जवळचे वाटते. गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत सारस दिसतो. उभा राहिला तर माणसाएवढा, उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच, अंग राखाडी, डोके आणि मानेचा वरचा भाग लाल. आणि रामायणाच्या आरंभी निषादाच्या बाणाने पडलेला, वाल्मीकींच्या शोकाला कारण झालेला क्रौंच आपण सर्वांनी ऐकलेला. 'सारस म्हणजे सारस' हे सांगायला कुणी लागत नाही. 'वाल्मीकींचा क्रौंच म्हणजे आपला सारस' हे वाक्य मात्र बांधीच्या धुऱ्यावर उभे राहून ऐकले, तर अंगावर काटा येतो. ते खरे आहे का, हे पुढे पाहू. आत्ता फ्रेगेचा मुद्दा एवढाच की पक्षी एकच निघाला तरी त्या दोन शब्दांचे आशय दोन आहेत.

इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्या भाषेत 'अर्थ' हा शब्द दोन्हींसाठी आहे. शब्दाचा मतलब तो अर्थ, आणि शब्दाने दाखवलेली वस्तू तीही अर्थ. 'पदार्थ' म्हणजे मुळात पदाचा अर्थ, शब्दाने सांगितलेली गोष्ट. वैशेषिकांनी विश्वातल्या सगळ्या मूळ तत्त्वांना पदार्थ म्हटले ते याच भावनेने. आज ताटातल्या भाजीला आपण पदार्थ म्हणतो, तेव्हा शब्द आणि वस्तू यांचा तो जुना करार नकळत जिभेवर असतो.

बर्ट्रांड रसेलने 1905 मध्ये वेगळी गाठ सोडवली. फ्रान्सला राजा नसताना 'फ्रान्सचा आजचा राजा टकला आहे' हे वाक्य खरे की खोटे? त्याऐवजी 'नवेगावचा आजचा मालगुजार दमेकरी आहे' हे वाक्य घेऊ. मालगुजार म्हणजे गावाचा सारा भरणारा जमीनमालक. मालगुजारी गेली तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यात होता आणि भंडारा मध्य प्रदेशात. त्या प्रांताच्या 1950 च्या कायद्याने 1951 मध्ये मालगुजारी संपली. म्हणजे आज मालगुजार कुणीच नाही. दमेकऱ्यांच्या यादीत तो सापडणार नाही आणि दमा नसलेल्यांच्या यादीतही नाही. रसेल म्हणतो, या वाक्यात तीन दावे दडलेत: असा मालगुजार आहे, तो एकच आहे, आणि त्याला दमा आहे. पहिलाच पडतो, म्हणून वाक्य खोटे. हे वर्णन कुणा माणसाचे नाव नव्हेच, नावासारखे दिसते इतकेच. रसेल पुढे म्हणाला की आपली बहुतेक विशेषनामेसुद्धा अशी आखडून घेतलेली वर्णनेच असतात. तिथे मात्र त्याचे चुकले असे मला वाटते, आणि त्याला उत्तर द्यायला मामा तलाव पुरेसा आहे.

झाडीपट्टीत हजारो जुने तलाव आहेत. त्यांतले कित्येक कोहळी समाजाच्या हिकमतीने उभे राहिले. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले आणि कागदोपत्री त्यांचे नाव पडले 'माजी मालगुजारी तलाव'. पुढे त्याची आद्याक्षरे उरली: मा.मा. तलाव. बोलण्यात ठिपके गळाले आणि झाला मामा तलाव.

आता समजा, एका शाळकरी मुलीला वाटते की गावातल्या कुणा मामाने हा तलाव खोदला. तिच्या मनातले वर्णन साफ चूक आहे. तो कुणा मामाचा नाही. मालगुजार, कोहळी, 1951 यांतले तिला काहीच ठाऊक नाही. पण संध्याकाळी ती सांगते, "मामा तलावावर म्हशी गेल्यात," तेव्हा ती कोणत्या तलावाविषयी बोलते? अर्थातच त्याच तलावाविषयी. तिच्या वर्णनात बसणारा तलाव जगात कुठेच नाही, म्हणून ती कशाहीविषयी बोलत नाही, असे म्हणायचे धाडस कोण करेल? वर्णन चुकते आणि तरी नाव अचूक लागते.

तिच्या वाक्यातल्या 'तलावावर'नेही थोडे थांबवावे. म्हशी पाण्यावर चालत नाहीत. त्या काठावर गेल्या. मीमांसक आणि आलंकारिक याला लक्षणा म्हणत. त्यांचे ठरलेले उदाहरण गंगेवरच्या गवळीवाड्याचे: वाडा प्रवाहावर असू शकत नाही, म्हणून ऐकणारा काठ समजतो. मूळ अर्थ अडला की मन शेजारच्या अर्थावर पाऊल टाकते, आणि तेही इतक्या सहज की पाऊल टाकल्याचे कळत नाही. त्या काठाच्या नावातही एक फसगत आहे. आमच्या झाडीबोलीत ळ चा र होतो, त्यामुळे तलावाची पाळ इथे 'पार' होते. पुण्याहून आलेल्या पाहुण्याला "पारावर बसू" म्हटले, तर तो वडाखालचा चौथरा शोधू लागतो.

मामा तलावाचा युक्तिवाद मुळात सॉल क्रिप्के याचा. जानेवारी 1970 मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्याने प्रिन्स्टन विद्यापीठात हाती लिखित मजकूर न घेता तीन व्याख्याने दिली. त्यांनी विसाव्या शतकातल्या या चर्चेचा रोख बदलला. क्रिप्केचे चित्र असे: सुरुवातीला कुणीतरी वस्तूचे बारसे करतो. त्याच्याकडून दुसरा नाव उचलतो, दुसऱ्याकडून तिसरा. प्रत्येकाचा हेतू एवढाच की ज्याच्याकडून नाव घेतले, तो ज्या वस्तूला ते लावत होता तिलाच आपण लावायचे. अशी साखळी शेकडो वर्षे, हजारो तोंडांतून चालते. शेवटच्या माणसाला वस्तूविषयी धड काही माहीत नसले तरी साखळी शाबूत असली की नाव लागू पडते.

याचे जितेजागते उदाहरण आमच्या ताटात आहे. चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी रामाजी खोब्रागडे नावाचे शेतकरी होते. जमीन जेमतेम दीड एकर. 1983 मध्ये त्यांना पटेल-3 जातीच्या धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या आणि वर्षानुवर्षे निवड करत नवे वाण उभे केले. दाणा बारीक, भात चवीला उत्तम. 1990 च्या सुमारास धान बाजारात आले तेव्हा त्याला नाव हवे होते. त्या काळी एचएमटीची घड्याळे मानाची समजली जात. व्यापाऱ्याने तेच नाव देऊन टाकले. ज्या माणसाने त्या लोंब्यांत एक नवे वाण पाहिले, त्याला बारशाला कुणी बोलावले नाही. मला हे नेहमी सलते. दादाजी 3 जून 2018 रोजी गेले. पुण्यामुंबईच्या दुकानांत 'एचएमटी कोलम' मागणाऱ्यांपैकी दादाजी किती जणांना आठवतात? आणि ही अक्षरे मुळात हिंदुस्तान मशीन टूल्स या कारखान्याची, हे तरी किती जणांना? तरी मागणाऱ्याला हवे तेच मिळावे, अशी साखळी त्या अक्षरांमागे आहे.

मिळतेच असे नाही, आणि तिथूनच पुढचा विचारवंत सुरुवात करतो. हिलरी पटनम याने 1975 मध्ये एक कल्पना मांडली: पृथ्वीसारखाच एक ग्रह, तिथल्या नद्यांत पाण्यासारखेच दिसणारे, तहान भागवणारे द्रव्य, पण आतली रचना निराळी. त्याला पाणी म्हणायचे का? पटनम म्हणतो, नाही. दिसणे, चव, उपयोग हे सगळे जुळले तरी वस्तूची आतली जात जुळत नाही, म्हणून ते पाणी नव्हे. एवढ्या दूरच्या ग्रहावर जायची गरज नाही. गोंदियातल्या धानाच्या बाजारात कुणी मूठभर तांदूळ तळहातावर घेतो, एक दाणा दाताखाली धरतो आणि म्हणतो, "हा खरा एचएमटी नाही." त्या 'खरा' शब्दात पटनमचा सगळा निबंध आहे. एचएमटी म्हणजे नुसते 'बारीक, पांढरा, चवदार' एवढेच असते, तर दुसरा कुठलाही बारीक तांदूळ एचएमटी ठरला असता, आणि खऱ्याखोट्याचा वाद उठलाच नसता.

दुसरेही एक पटनमने पाहिले. त्याला स्वतःला दोन परदेशी वृक्ष, एल्म आणि बीच, एकमेकांपासून ओळखता येत नव्हते. तरी तो दोन्ही शब्द योग्य अर्थाने वापरत होता. कारण त्याच्या समाजात ते ओळखणारे लोक होते. जसे आपण सगळे शेती करत नाही पण सगळे जेवतो, तसे शब्दांचे काम समाजात वाटलेले असते. तलावातल्या चार माशांची नावे मी घेऊ शकतो; जाळ्यातून निघालेला मासा हातात धरून नाव सांगणारा ढिवर असतो. माझ्या तोंडातल्या नावाला किंमत त्याच्या हातामुळे आहे. अर्थ डोक्यात नसतो, असे पटनम म्हणत असे. मी म्हणेन, आपल्या अर्थाचा बराच भाग दुसऱ्याच्या हातात असतो.

आपल्या नैयायिकांनी हाच वाटेकरी फार जुन्या काळी ओळखला होता. त्यांच्या उपमान या प्रमाणाचे उदाहरण सरळ रानातले आहे. शहरातल्या माणसाला गवय म्हणजे काय ते ठाऊक नसते. रानात राहणारा त्याला सांगतो, गवय गाईसारखा असतो. पुढे तो रानात जातो, गाईसारखे पण गाय नसलेले जनावर पाहतो आणि त्याच्या मनात उजाडते: हाच तो, गवय शब्दाचा धनी. न्यायदर्शनाच्या मते या क्षणी त्याला जे ज्ञान झाले ते जनावराचे नव्हे. शब्द आणि वस्तू यांच्या नात्याचे. नागझिऱ्याच्या अभयारण्यात पहिल्यांदा गवा पाहणाऱ्या कुणालाही हे आठवावे. गाईएवढा नाही, गाईहून कितीतरी थोर, पायांना पांढरे मोजे घातल्यासारखा. पण ज्याने सांगितले होते त्याचे शब्द त्या क्षणी जनावरावर अलगद येऊन बसतात.

अमेरिकेच्या विलर्ड क्वाइनने 1960 मध्ये याच्या उलट टोकाचे उदाहरण दिले. अनोळखी भाषेच्या मुलखात ससा पळाला, तिथला माणूस ओरडला, 'गवागाय'. ऐकणाऱ्या भाषाशास्त्रज्ञाला कसे कळावे की तो 'ससा' म्हणाला, 'सशाचे अवयव' म्हणाला की 'ससेपण चमकून गेले' म्हणाला? बोट दाखवले तरी बोट त्या सगळ्यांकडेच असते. गवय आणि गवागाय यांचे उच्चार जवळचे, हा निव्वळ योगायोग. पण उदाहरणांतला फरक मला महत्त्वाचा वाटतो. क्वाइनचा रानातला माणूस फक्त ओरडतो. नैयायिकांचा रानातला माणूस शिकवतो. तो ऐकणाऱ्याच्या ओळखीच्या गाईपासून सुरुवात करतो, साम्य सांगतो आणि मग रानात पाठवतो. माणसे शब्द शिकतात ते बहुतेक या दुसऱ्या रीतीने. मारुती चितमपल्लींनी नवेगावात वनाधिकारी म्हणून राहून, रानातल्या माणसांकडून ऐकत, असेच शब्द वेचले. पक्ष्यांच्या सामूहिक विणीच्या जागेला त्यांनी मराठीत 'सारंगागार' म्हटले, कावळ्यांच्या वसतीला 'काकागार'. बारसे करणाऱ्याने आधी वस्तू पाहिलेली असावी लागते. त्यांनी ती वर्षानुवर्षे पाहिली होती.

साखळी तुटली तर काय? गॅरेथ एव्हान्सने 1973 मध्ये क्रिप्केला हाच प्रश्न विचारला. मादागास्कर हे नाव मुळात आफ्रिकेच्या मुख्य भूमीच्या एका भागाचे. मार्को पोलोच्या गैरसमजातून ते बेटाला चिकटले. कुणाचाही नाव बदलण्याचा हेतू नव्हता, प्रत्येकाला वाटत होते आपण जुन्याच वस्तूला ते लावतो आहोत. तरी नाव सरकले. म्हणजे बारसे आणि साखळी पुरेशी नाही. वापरणाऱ्यांचा समाज वाटेत कुठल्या वस्तूशी व्यवहार करत राहिला, हेही पाहावे लागते. 'एचएमटी' हळूहळू कुठल्याही बारीक तांदळाचे नाव होण्याची शक्यता इथेच आहे.

आता क्रौंचाकडे. वाल्मीकींच्या ऐकणाऱ्यांना तो पक्षी विचारावा लागला नसेल. नाव घेतले की डोळ्यांपुढे उभा राहत असेल. पुढे कोशकार आणि अनुवादक यांच्या हाती शब्द उरला, पक्षी निसटला. कुणी तो करकोचा मानला, कुणी तुतारी जातीचा पाणपक्षी, कुणी आणखी काही. ज्युलिया लेस्ली या संस्कृत अभ्यासिकेने 1998 मध्ये दीर्घ निबंध लिहून तो सारसच, असे मांडले: तांबड्या डोक्याचा उल्लेख, जोडप्याची घट्ट संगत, मागे राहिलेल्या मादीचा आक्रोश. मला त्यांचे म्हणणे पटते. पण आपल्या प्रकरणासाठी त्यांनी केले काय, ते पाहा. साखळी तुटलेली होती, म्हणून त्यांना वर्णनाकडे परत यावे लागले. रसेलचा रस्ता सजीव नावाच्या कामाचा नसेल. हरवलेल्या नावाचा माग काढायला तोच उरतो.

सारसाचे शास्त्रीय नावही असेच फिरले. लिनियसने 1758 मध्ये त्याला बगळ्यांच्या प्रजातीत घातले, मग तो क्रौंचकुळातल्या ग्रस प्रजातीत गेला, आता त्याची प्रजाती अँटिगनी. पक्षी एका पिसानेही बदलला नाही. आणि 'सारस' म्हणजे सरसाचा, तळ्याचा. त्याला तळ्याहून कापलेली धानाची ओली बांधी अधिक मिळू लागली, तरी नाव तळ्याचेच राहिले. मिल इथे बरोबर ठरतो.

महाराष्ट्रात सारस आता जवळजवळ गोंदियापुरतेच उरले आहेत. सीमेपलीकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाटात काही. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर त्यांची गणना होते. स्वयंसेवक पहाटे तलावांच्या पारीवर, बांध्यांच्या धुऱ्यावर बसतात. त्यांच्यासोबत अनेकदा त्याच गावचा शेतकरी असतो, ज्याच्या धानात सारसाने घरटे घातलेले असते आणि ज्याने ती अंडी राखलेली असतात. अंधार विरळ होताना दूरवर दोन राखाडी आकृती उभ्या दिसतात. वही घेतलेला विचारतो, "करकोचा तर नाही?" शेतकरी मान हलवतो. थोड्या वेळाने पहिला पक्षी मान वर करून हाक घालतो, दुसरा त्याच दमात साथ देतो, आणि शेतकरी बोट न उचलता म्हणतो, "तोच."